खुळ्यांची इंग्रजी भावकी

कोल्हापुरात राजारामपुरीत संध्याकाळी साडेसातला माझा इंग्रजी संभाषणाचा वर्ग असतो. येणारी पोरं बहुतेक नोकरीवाली आहेत. कोणी शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्रीत, कोणी गुजरीतल्या सराफाकडं, एखादी बँकेत नुकती लागलेली. गेल्या पावसाळ्यात फौंड्रीतला एक पोरगा वर्ग सुटल्यावर मागं रेंगाळला. त्यांच्याकडं कास्टिंग बघायला इंग्लंडहून एक ग्राहक आला होता. दुपारी त्याला जेवायला नेलं. तांबडा त्याला झेपला नाही, पण पांढऱ्या रश्शाच्या तीन वाट्या झाल्या. बिल आलं तसा ह्यानं खिशात हात घातला, तर पाहुणा म्हणाला, "डोन्ट बी सिली!" आणि स्वतःचं कार्ड पुढं केलं.

"मॅडम, मी डिक्शनरीत बघितलं. सिली म्हणजे मूर्ख. पैसं द्यायला निघालो, त्यात मी मूर्खपणा काय केला ओ?"

दोन दिवस तो हे मनात घेऊन फिरत होता. मी त्याला विचारलं, तुझी आत्या जाताना तुझ्या खिशात पाचशेची नोट कोंबते, तू नको नको म्हणतोस, तेव्हा ती काय म्हणते? तो हसला. "खुळा हाईस का, ठेव की." तेच, म्हटलं. पाहुणा अगदी तेच म्हणाला.

घोटाळा होतो तो इथं. आपल्या इंग्रजी-मराठी कोशांत सिली, स्टुपिड, फूलिश, डाफ्ट, ईडियट, मोरॉन ह्या सगळ्यांपुढं बहुतेक वेळा एकच शब्द भेटतो, मूर्ख. मराठीत मात्र आपण खुळा, येडा, बावळट, भोळसट, अर्धवट, आततायी, धसमुसळा हे शब्द कधी एकमेकांच्या जागी टाकत नाही. आईनं "येडं माझं ते" म्हटलं तर पोरगं तिला आणखी बिलगतं, आणि तोच शब्द रस्त्यात अनोळखी माणसानं वापरला तर कॉलर धरली जाते. ही जाण आपल्याला आपोआप असते, इंग्रजीत ती कमवावी लागते. मी पोरांना दोन गोष्टींकडं बघायला सांगते. ज्याला हा शब्द लावलाय त्याला धोका कळत होता का? आणि बोलणारा त्याच्या बाजूचा आहे की त्याच्यावर उलटलेला?

पहिला प्रश्न किती महागात पडू शकतो हे ह्याच पोराच्या दुसऱ्या एका गोष्टीतून कळलं. एका लॉटमध्ये कास्टिंगला ब्लोहोल, म्हणजे धातूत हवा अडकून राहिलेली भोकं, निघाले. ग्राहकानं कारण लेखी मागितलं. साच्यात ओलावा राहिला होता, बघायचं राहून गेलं, एवढंच घडलं होतं. ह्यानं ईमेलमध्ये लिहिलं की आमच्या ऑपरेटरच्या 'रेकलेसनेस'मुळं हे झालं. पलीकडून तासाभरात उत्तर आलं, पाठवलेला सगळा माल बाजूला काढून ठेवतोय, खुलासा करा. बिचाऱ्याला कळेना, चूक तर कबूल केली, मग एवढा गहजब कशाला?

केअरलेस म्हणजे निष्काळजी. लक्ष नव्हतं, विसरला, बघायचं राहिलं. रेकलेस म्हणजे धोका समोर दिसत असून 'होऊ दे काय व्हायचं ते' म्हणून केलेलं. शब्दाची घडण आपल्या बेपर्वासारखीच आहे. जुन्या इंग्रजीत रेक म्हणजे पर्वा, फिकीर, आणि ती ज्याला नाही तो रेकलेस. केअरलेस माणसाला सिग्नल दिसलाच नाही, रेकलेस माणसाला दिसला आणि तरी त्यानं गाडी घातली. तेव्हा ईमेल वाचणाऱ्यानं अर्थ काढला तो असा, की ह्यांच्याकडं साचा ओला आहे हे माहीत असूनही धातू ओततात. त्यानं घाबरायलाच पाहिजे होतं.

आपल्याकडच्या पोलिसी भाषेत ह्या जागी 'रॅश' येतो. जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलम २७९ मध्ये रॅश ड्रायव्हिंग होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम २८१ मध्ये आहे. अमेरिकेत त्यालाच रेकलेस ड्रायव्हिंग म्हणतात. ब्रिटनमध्ये आता डेंजरस आणि केअरलेस असे दोन वेगळे गुन्हे आहेत. आणि रॅश हा शब्द नाम म्हणून तिथल्या डॉक्टरसमोर वापरलात तर तो अंगावरचं पुरळ शोधायला लागेल.

रेकलेसच्या शेजारी फूलहार्डी बसतो. जुन्या फ्रेंचमधून आलेला हा जोडशब्द आहे, मूर्ख अधिक धीट. धाडस आहे, पण अक्कल नसलेलं. हा शब्द शिकवताना मला दर वेळी नेसरी आठवते. आपल्याच जिल्ह्यातली, गडहिंग्लज तालुक्यातली. उमराणीला बहलोलखानाला कोंडीत पकडून जाऊ दिलं म्हणून प्रतापराव गुजरांना महाराजांचा बोल लागला होता. तो जिव्हारी घेऊन २४ फेब्रुवारी १६७४ ला ते सहा सरदारांनिशी खानाच्या फौजेवर तुटून पडले आणि सातही जण तिथंच पडले. ह्याला आपण मराठीत 'वेड' म्हणतो आणि म्हणताना मान झुकवतो. एकदा एका मुलीनं वर्गात ही कथा इंग्रजीत सांगताना फूलहार्डी शब्द वापरला. मी तिला थांबवलं. व्याकरण चुकलेलं नव्हतं, पण त्या शब्दात आदराला जागाच नाही. फूलहार्डी म्हणणारा माणूस लांब उभा राहून मान हलवत असतो. रेकलेस करेज असं इंग्रजीत म्हणता येतं आणि त्यात मान असतो, कारण ज्याला मरण दिसत होतं आणि तरी ज्यानं घोडा पुढं काढला त्याच्याबद्दल ते बोलतं. तरीही आपल्या 'वेडात' जो उमाळा आहे तो त्यात पुरता उतरत नाही. तिथं मी मुलीला सांगितलं, कथा नीट सांग, विशेषणाची गरज पडणार नाही.

बेभानसाठी मात्र इंग्रजीकडं चांगला शब्द आहे, बर्सर्क. उत्तर युरोपातल्या नॉर्स लोकांत असे योद्धे सांगितलेत, जे लढाईत अंगात संचार झाल्यासारखे सुटायचे. बहुतेक अभ्यासक शब्दाचा अर्थ 'अस्वलाच्या कातड्याचा अंगरखा' असा लावतात.

आता सिलीकडं परत येऊ, कारण त्याचा जन्म फार मोठ्या घरातला आहे. जुन्या इंग्रजीत त्याचं रूप सॅलिग असं होतं आणि अर्थ होता सुखी, देवाची कृपा असलेला. जर्मन भाषेत त्याच कुळातला शब्द आजही 'धन्य' ह्या अर्थानं चालतो. इंग्रजीत धन्यचा पापभीरू झाला, पापभीरूचा निष्पाप, निष्पापचा गरीब बिचारा, बिचाऱ्याचा अशक्त, आणि शेवटी अकलेनं कमी. आपल्याला ही घसरण अनोळखी वाटायचं कारण नाही. शंकराला भोळा म्हणताना आपण हात जोडतो, आणि व्यवहारात फसलेल्या माणसाला भोळसट म्हणतो. कोणी "देवमाणूस हो!" म्हणालं तर सूर ऐकावा लागतो. कधी ते खरंच कौतुक असतं, कधी त्याचा अर्थ असतो की ह्याला कोणीही टोपी घालेल.

नाइस ह्या शब्दाचा प्रवास बरोबर उलटा. लॅटिनमध्ये त्याचं मूळ 'न जाणणारा' असं. साधारण सातशे वर्षांपूर्वी इंग्रजीत एखाद्याला नाइस म्हणणं म्हणजे त्याला अडाणी म्हणणं होतं. मग तो नखरेल झाला, मग काटेकोर, मग नाजूक, आणि अठराव्या शतकापर्यंत छान, भला. म्हणजे धन्य खाली आला आणि मूर्ख वर गेला. वाटेत कुठंतरी दोघांची गाठ पडली असणार असं मला नेहमी वाटतं. डाफ्ट आणि डेफ्ट ह्या तर सख्ख्या बहिणी. दोघी 'सौम्य, जागच्या जागी नीट बसणारी' ह्या एकाच शब्दातून निघाल्या. एक वेडगळ ठरली, दुसरी कुशल हाताची.

फूल म्हणजे मूर्ख, हा शब्द लॅटिन फोलिस वरून आला. फोलिस म्हणजे भाता, लोहाराचा भाता. नुसती हवा भरलेली पिशवी, आत काही नाही. बफूनच्या मागंही इटालियन भाषेतलं गाल फुगवून फुंकणं आहे. हे सांगितलं की वर्ग लगेच हसतो, कारण आपल्याकडंही सगळा कारभार वाऱ्याचाच. ह्याच्या डोक्यात हवा गेलीय. वारा प्यालेलं वासरू. अंगात वारं शिरलंय. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता खुळेपणाचं कारण वाऱ्यात शोधलं. गिडी हा शब्द तर त्याच्याही पुढं जातो. आज त्याचा अर्थ गरगरणं, किंवा आनंदानं हुरळून जाणं. जुन्या इंग्रजीत अर्थ होता, ज्याला देवानं किंवा भुतानं धरलंय तो. चैत्र पौर्णिमेला जोतिबाच्या डोंगरावर गुलालात, सासनकाठ्यांच्या गर्दीत ज्यानं कोणाच्या अंगात येताना जवळून बघितलंय, त्याला गिडीचा तो जुना अर्थ शिकवावा लागत नाही.

झेनी. हा माझा आवडता शब्द, कारण तो हसऱ्या माणसांच्या घरचा आहे. सोळाव्या शतकात इटलीत मुखवटे घालून रस्त्यावर करायच्या विनोदी नाटकांत एक नोकर असायचा. बेर्गामोच्या डोंगराळ भागातून पोट भरायला व्हेनिसला आलेला, भुकेला, गबाळा, उलटसुलट उद्योग करून मालकाला गोत्यात आणणारा. त्याचं नाव झान्नी. जोव्हान्नी ह्या अगदी सर्रास नावाचं ते तिकडच्या बोलीतलं घरगुती रूप. म्हणजे आपल्या जुन्या सिनेमांत नोकर म्हटला की तो रामूच, तसं. आणि भूमिका बघितली तर आपल्या तमाशातला सोंगाड्याच. तो हजरजबाबी, तोच पाटलाची फजिती करणारा, प्रेक्षकांचा जीव त्याच्यावरच. म्हणून आजही झेनी म्हटल्यावर दुखावत कोणी नाही. रंगीबेरंगी मोजे घालून येणारी शिक्षिका झेनी, कायच्या काय कल्पना लढवणारी जाहिरात झेनी. आजच्या मराठीत अतरंगी हा शब्द त्याच्या सगळ्यांत जवळ जातो. पण झेनीमध्ये धोका नाही. जोरात मोटारसायकल मारणाऱ्याला झेनी म्हणू नये. तो डेअरडेव्हिल, सैतानाला आव्हान देणारा, किंवा मग सरळ रेकलेस.

मॅडकॅप हा झेनी आणि डेअरडेव्हिल ह्यांच्या मधला, साहसी आणि गमत्या. हेअर-ब्रेन्ड, म्हणजे सशाच्या मेंदूचा, हा शब्द माणसापेक्षा त्याच्या योजनेला जास्त शोभतो. आपल्याकडं ससा भित्रा, तिकडं मात्र खुळा, कारण मार्चमध्ये माळावर रानससे मागच्या पायांवर उभे राहून एकमेकांना गुद्दे घालताना तिकडचे लोक वर्षानुवर्षं बघत आले. ते गुद्दे बहुतेक वेळा मादी घालते, मागं लागलेल्या नराला झटकायला.

आणि आता आपल्या घरचा शब्द. ब्रिटनमध्ये एखाद्याचं डोकं ठिकाणावर नसेल तर म्हणतात, तो डूलाली झालाय. शब्द मोठ्यानं म्हणून बघा. देवळाली! नाशिकजवळची आपली देवळाली. ब्रिटिश फौजेची तिथं मोठी छावणी होती. हिंदुस्तानातली नोकरी संपलेले गोरे शिपाई घरी जाणाऱ्या जहाजाची वाट बघत तिथं थांबायचे. जहाजं मिळायची हिवाळ्याच्या काही महिन्यांतच. हंगाम सरल्यावर पोचलेल्याला पुढच्या हंगामापर्यंत तळ ठोकावा लागायचा. काम नाही, ऊन मी म्हणतंय, डास, हिवताप, दारू, आणि घर हजारो मैल लांब. काही जणांची डोकी तिथं खरोखरच फिरली. त्या अवस्थेला शिपायांनी नाव दिलं 'डूलाली टॅप'. हा टॅप म्हणजे नळ नाही. तो आपला ताप. अंगात ताप असतो तोच. देवळालीचा ताप.

वर्गात हे सांगितलं त्या दिवशी एक मुलगी एकदम गप्प झाली. तिचा भाऊ फौजेत आहे आणि सुट्टीची वाट बघत बसणं काय असतं ते तिनं फोनवर रोज ऐकलेलं. ती म्हणाली, "म्हणजे त्यांना येड लागलं नव्हतं मॅडम, घर लागलं होतं." ह्या शब्दाचा इतका नेमका अर्थ मला कुठल्या कोशात मिळाला नाही. टॅप पुढं गळून गेला, डूलाली राहिला, आणि आज तो चेष्टेचा, सौम्य शब्द आहे. इंग्लंडातली आजी चष्मा फ्रिजमध्ये ठेवून घरभर शोधते आणि स्वतःलाच डूलाली म्हणते. तिला देवळाली नकाशात दाखवता येणार नाही, पण ताप शब्द म्हणणाऱ्या आपल्या जिभांचा त्यात वाटा आहे.

डन्स म्हणजे ढ. ब्राह्मी लिपीतला ढ आणि आजचा ढ शेजारी ठेवले तर फारसा फरक दिसत नाही. कितीही शिकवलं तरी न बदलणाऱ्या पोराला ढ म्हणतात ते त्यावरूनच, असं जुने मास्तर सांगायचे. डन्स हा शब्द मात्र एका पंडितावरून आलाय. स्कॉटलंडातल्या डन्स गावचे जॉन डन्स स्कॉटस, १३०८ मध्ये वारलेले, मध्ययुगातले फार मोठे तत्त्वज्ञ. सोळाव्या शतकात नव्या विद्येच्या लोकांना त्यांचे अनुयायी शब्दांचा कीस पाडणारे, नवं काही न घेणारे वाटायला लागले, आणि 'डन्सवाला' ही शिवी झाली. खरं तर समर्थ रामदासांचा 'पढतमूर्ख' ह्या जागी जास्त नेमका बसतो. १९९३ मध्ये पोपनी स्कॉटसना 'धन्य' घोषित केलं. सिलीचा सर्वांत जुना अर्थही धन्यच होता.

पुढचे शब्द शिकवताना मी आवाज खाली घेते. ईडियट मूळ ग्रीक. अथेन्समध्ये त्याचा अर्थ खासगी माणूस, गावच्या कारभारात न पडणारा. तिथून अडाणी, तिथून बुद्धीनं कमी. पण विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत ईडियट, इम्बेसाइल आणि मोरॉन ह्या चक्क वैद्यकीय पायऱ्या ठरवल्या गेल्या. ह्यातला मोरॉन हा शब्द हेन्री गोडार्ड ह्या मानसशास्त्रज्ञानं १९१० मध्ये ग्रीकमधून उचलून घडवला. शब्द चिकटला की माणूस कायमचा त्या खान्यात. १९२७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं बक विरुद्ध बेल खटल्यात अशा शिक्क्यांच्या आधारे माणसांची सक्तीनं नसबंदी करणं वैध ठरवलं, आणि हजारो जणांवर ती झाली. आपल्याकडं १९१२ चा कायदा 'लुनसी'चा, म्हणजे चंद्रामुळं येणाऱ्या वेडाचा. त्यात लुनॅटिक म्हणजे ईडियट किंवा मन ठिकाणावर नसलेला, अशी व्याख्याच होती. तो कायदा १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं बदलला. लंडनच्या बेथलेम रुग्णालयाचं नाव लोकांच्या तोंडी बेडलम झालं आणि आज बेडलम म्हणजे नुसता गोंधळ. एके काळी लोक तमाशा बघावा तसे तिथं रुग्णांना बघायला जात. "येरवड्याला न्यायला पाहिजे ह्याला" हे वाक्य आपणही किती सहज बोलतो.

ह्यांच्या जागी नवे, सभ्य शब्द आणले की काही वर्षांत तेही शाळेच्या मैदानात शिवी होतात. मतिमंद शब्दाचं आपल्या डोळ्यांदेखत तेच झालं. म्हणून वर्गात माझा एक नियम आहे. मोरॉन आणि रिटार्ड हे शब्द ऐकून समजावेत, तोंडातून काढू नयेत, मैत्रीतही नाहीत. ईडियट जवळच्या मित्रांत चालतो, तोही समोरचा हसत असेल तोवरच. कार्यालयात, ईमेलमध्ये, ग्राहकापाशी तर नाहीच.

मॅडबद्दल एक घोळ नेहमी होतो. अमेरिकन माणूस मॅड म्हणाला तर तो बहुतेक वेळा रागावलेला असतो. ब्रिटिश माणसाच्या तोंडी त्याचा अर्थ वेडा.

शेवटी क्रेझी, कारण कोल्हापूरला तो सगळ्यांत लवकर कळतो. क्रेझचा मूळ अर्थ तडा जाणं, फुटणं. घरातला जुना चिनी मातीचा कप उजेडात धरा. चकचकीत थरावर केसासारख्या बारीक रेघांचं जाळं दिसेल. चिनी मातीचं काम करणारे त्याला आजही क्रेझिंग म्हणतात. कप फुटलेला नसतो, चहा गळत नाही, पण तडे असतात. माणसाच्या डोक्याला तसे तडे गेले की तो क्रेझी. आपलंही डोकं तडकतं, सटकतं, सरकतं.

त्याच क्रेझचा दुसरा अर्थ म्हणजे लोकांना अचानक लागलेला नाद. "ह्यानं काय नवीन खूळ काढलंय?" म्हणतो त्यातलं खूळ. आणि ते ज्याला लागलं तो खुळा. जे नातं क्रेझ आणि क्रेझीचं, तेच खूळ आणि खुळाचं.

मागच्या हंगामात वर्गातल्या चार पोरांबरोबर शाहू स्टेडियमवर पेठेची मॅच बघायला गेले होते. शेवटची पाच मिनिटं, बरोबरी. गोलकीपर गोल मोकळा सोडून अर्ध्या मैदानापर्यंत पुढं आला. माझ्या मागचे काका ओरडले, "खुळं हाय काय रं ते? माघारी फिर!" चेंडू त्याच्या पायाला लागून पुढं गेला आणि समोरच्या पोरानं तो जाळ्यात घातला. तेच काका, तोच गोलकीपर, मध्ये दहा सेकंदही गेले नसतील, टोपी उडवून ओरडत होते, "नाद खुळा! नाद खुळा!"

फौंड्रीतला पोरगा माझ्याकडं वळून म्हणाला, "मॅडम, पहिला रेकलेस, दुसरा क्रेझी. बरोबर?"